टेकडी दिसली की तळं शोधा

विहीर काढायची असो की घराचा पाया खणायचा असो, एक प्रश्न कुणालाच चुकत नाही: निघालेली माती टाकायची कुठे? सहाशे वर्षांपूर्वी बीजिंगमध्ये हा प्रश्न अवाढव्य प्रमाणावर पडला. त्याचं उत्तर आजही शहराच्या मध्यभागी उभं आहे. त्यावर पाइनची झाडं आहेत, पायऱ्या आहेत, माथ्यावर मंडप आहे आणि पायथ्याशी २ युआनचं तिकीट आहे. जिंगशान नावाची ही टेकडी सुमारे ४५ मीटर उंच आहे. जुनं बीजिंग सपाट मैदानात वसलेलं. डोंगर आहेत ते लांब, पश्चिमेला आणि उत्तरेला. मग राजवाड्याच्या बरोबर मागे, अगदी मध्यरेषेवर, ही एकटी टेकडी आली कुठून?

आपल्याकडून बीजिंगला जाणारा प्रवासी चिनी भिंत, राजवाडा आणि थ्येनआनमन चौक पाहतो. बागा राहतात उरलेल्या वेळेसाठी, म्हणजे बहुधा राहूनच जातात. माझ्या मते क्रम उलटा हवा. राजवाड्यात गर्दीबरोबर पुढे सरकावं लागतं. बागेत थांबता येतं, आणि थांबलं की हे शहर कसं घडवलं गेलं ते दिसू लागतं.

खंदकाची माती

मिंग घराण्याच्या योंगल या सम्राटाने १४०६ साली बीजिंगमध्ये नवा राजवाडा बांधायला घेतला आणि १४२० मध्ये तो पुरा झाला. हीच निषिद्ध नगरी. तिच्याभोवती खंदक आहे, ५२ मीटर रुंद. चौफेर चालून गेलं तर त्याची लांबी साधारण साडेतीन किलोमीटर भरते. खोली पाच मीटर धरली तरी गुणाकार नऊ लाख घनमीटरच्या पुढे जातो. आजच्या एका डंपरमध्ये दहा घनमीटर माती मावते असं धरलं तर नव्वद हजार खेपा. त्या काळी डंपर नव्हते. टोपल्या, कावडी आणि हातगाड्या होत्या. इतकी माती लांब नेण्यापेक्षा शेजारीच रचणं हाच शहाणपणा होता. खंदकाची आणि राजवाड्याजवळच्या तळ्यांच्या खोदकामाची माती उत्तरेला रचली गेली आणि जिंगशान उभी राहिली.

पण माती दक्षिणेलाही टाकता आली असती. उत्तरच का? चिनी वास्तुविद्येत, म्हणजे फेंगशुईमध्ये, घराच्या पाठीशी डोंगर आणि पुढ्यात पाणी असणं शुभ मानतात. त्यामागे अनुभव आहे. बीजिंगचा हिवाळी वारा मंगोलिया-सायबेरियाकडून येतो, कोरडा आणि हाडं गोठवणारा. पाठीशी डोंगर असलेल्या गावाला त्याचा आडोसा मिळतो. ४५ मीटरच्या टेकडीने अख्ख्या राजवाड्याचा वारा अडेल हे मात्र अवघड आहे. इथे सोयीपेक्षा श्रद्धेचं पारडं जड असावं. जिंगशानखाली आधीच्या युआन घराण्याच्या राजवाड्याची जागा आहे. गेलेल्या घराण्याचं दैव मातीखाली दाबून टाकण्यासाठी ती इथे रचली, असंही सांगतात.

टेकडीला पाच शिखरं आहेत आणि प्रत्येकावर एक मंडप. हे मंडप खूप नंतरचे, चिंग घराण्याच्या छ्येनलोंग सम्राटाच्या काळात १७५० च्या सुमारास बांधलेले. मधल्या मंडपात दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं की पिवळ्या कौलांची छपरं एकामागे एक ओळीने उतरत जातात. मागे वळलं की त्याच रेषेत नगारखाना आणि घंटाघर दिसतं. दक्षिणेच्या योंगतिंग दरवाजापासून या घंटाघरापर्यंतची ७.८ किलोमीटरची सरळ रेषा हा जुन्या शहराचा कणा. जुलै २०२४ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. नकाशावर ती आखलेली रेघ वाटते, इथून ती डोळ्यांनी दिसते.

टेकडीच्या पूर्व पायथ्याशी एक झाड कुंपण घालून राखलं आहे. १६४४ मध्ये बंडखोर शहरात घुसले, तेव्हा मिंग घराण्याचा शेवटचा सम्राट छोंगचन याने इथे गळफास घेतला. मूळ झाड आता नाही. त्या जागी नंतर लावलेलं आहे, तरी फोटो काढणाऱ्यांची रांग असते.

> चौकट: कुठली माती कुठे?
>
> बेहाई बाग: बाराव्या शतकात जिन घराण्याने इथे तळं खोदून त्याच्या मातीने बेट उंच केलं. बेटावरचा पांढरा तिबेटी धाटणीचा स्तूप १६५१ चा, सुमारे ३६ मीटर उंच.
>
> जिंगशान: खंदक आणि तळ्यांची माती, पंधराव्या शतकाची सुरुवात.
>
> वानशौशान, उन्हाळी राजवाडा: टेकडी मूळची नैसर्गिक. १७५० नंतर शेजारचं कुनमिंग सरोवर रुंदावताना निघालेली माती तिच्यावर चढवली.
>
> यांगशान, ऑलिंपिक वनोद्यान: २००८ च्या खेळांसाठी केलेली ६८० हेक्टरची बाग. टेकडी ४८ मीटर उंच, माती शेजारच्या नव्या तळ्याची आणि इतर खोदकामांची. जुनी मध्यरेषा उत्तरेकडे वाढवली की ती थेट या टेकडीवर येते.

पाणी सरळ का आलं नाही?

तळी खोदली, पण ती भरायची कशाने? बीजिंगच्या पोटातून मोठी नदी वाहत नाही. लंडनला थेम्स आहे, पॅरिसला सीन आहे. बीजिंगला आणावं लागलं ते सगळं पाणी बाहेरून. बेहाई आणि शिचाहाई ही तळी, राजवाड्याचा खंदक, उन्हाळी राजवाड्याचं सरोवर ही एकाच जलव्यवस्थेची अंगं आहेत. ती व्यवस्था बसवण्याचं मोठं श्रेय क्वो शौजिंग या माणसाला जातं. १२३१ ते १३१६ हा त्याचा काळ. खगोलशास्त्रज्ञ, गणिती आणि जलअभियंता असा तिहेरी माणूस, नोकरी कुब्लाई खानाच्या दरबारात.

कुब्लाईची अडचण अशी होती. राजधानीला लागणारं धान्य दक्षिणेतून कालव्याने थोंगचौपर्यंत, म्हणजे शहराच्या पूर्वेच्या बंदरापर्यंत यायचं. तिथून पुढे गाड्या आणि जनावरं. पावसाळ्यात रस्त्यांचा चिखल झाला की जनावरं मरायची. बोट थेट शहरात आणायची तर शहरापासून थोंगचौपर्यंत कालवा हवा आणि त्यात बारमाही पाणी हवं. असं पाणी वायव्येला तीसएक किलोमीटरवर, बायफू नावाच्या झऱ्यात होतं. झरा शहरापेक्षा उंचावर आहे. मग एक सरळ पाट काढला की काम झालं, असं कुणालाही वाटेल.

तिथेच मेख आहे. झरा आणि शहर यांच्यामध्ये दोन लहान नद्यांची खोरी आहेत आणि ती शहरापेक्षाही सखल आहेत. सरळ पाट काढला असता तर पाणी त्या खोऱ्यात उतरलं असतं आणि पुन्हा वर चढलंच नसतं. क्वोने पाट उलट्या दिशेला नेला. आधी पश्चिमेकडे डोंगरपायथ्याला, मग पायथ्याच्या कडेकडेने दक्षिणेला वळसा घेत. असं केल्याने पाटाला सगळीकडे अगदी अल्प उतार राहिला, सखल खोरी टळली आणि वाटेत डोंगरातले इतर झरेही त्यात येऊन मिळाले. डोंगरउतारावर समपातळीने चर खणणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही. नवल आहे ते अंतराचं आणि अचूकतेचं. मैलोन्‌मैल चालताना मीटरा-मीटराचा फरक डोळ्यांना कळत नाही. तो मोजावाच लागतो. क्वोने उंची मोजताना समुद्राची पातळी आधार म्हणून घेतली होती, असं त्याच्या चरित्राच्या जुन्या नोंदी सांगतात.

हे पाणी आधी एका नैसर्गिक तळ्यात साठायचं आणि तिथून शहरात जायचं. १२९२ मध्ये काम सुरू झालं, १२९३ मध्ये संपलं. शहर ते थोंगचौ या उतरणीवर २४ दरवाजे बसवले होते. खालचा दरवाजा बंद करून वरचा उघडायचा, मधल्या टप्प्यातलं पाणी वर चढलं की बोट पुढच्या टप्प्यात. अशा टप्प्याटप्प्याने धान्याच्या बोटी उंचावरच्या शहरात शिरायच्या. आज शिचाहाईच्या काठावर चहाची दुकानं आणि पायडल बोटी दिसतात. तिथेच एके काळी धान्याचं बंदर होतं.

साठवणीचं ते नैसर्गिक तळं म्हणजे आजच्या कुनमिंग सरोवराचा पूर्वज. छ्येनलोंग सम्राटाने आईच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त ते रुंदावलं आणि काठाला बाग केली, तोच उन्हाळी राजवाडा. १८६० मध्ये इंग्रज-फ्रेंच फौजांनी ती जाळली. सम्राज्ञी त्सिशीने ती पुन्हा उभी केली आणि १८८८ मध्ये तिला आजचं नाव दिलं. या बागेचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणीच आहे. लोक इथे ७२८ मीटर लांबीची चित्रांची पडवी आणि संगमरवरी नाव पाहायला येतात. आपण शहराच्या जुन्या पाण्याच्या टाकीच्या काठी उभे आहोत हे फार थोड्यांच्या ध्यानात येतं. डिसेंबर २०१४ पासून मध्य चीनमधल्या तानच्यांगखौ धरणाचं पाणी १,२७६ किलोमीटरचा प्रवास करून बीजिंगला येतं. त्याचा शेवट होतो थ्वानछंग तळ्यात, म्हणजे उन्हाळी राजवाड्याच्या कुंपणाला लागून. सातशे वर्षांनंतरही पाणी साठवायला अभियंत्यांना हीच जागा सापडली.

टेकडी नसताना उंची

स्वर्गमंदिराच्या बागेत मात्र टेकडीही नाही आणि तळंही नाही. सुमारे २७० हेक्टरची ही बाग १४२० चीच. वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी सम्राट इथे येऊन आकाशाला बळी अर्पण करायचा. आकाशाशी बोलायचं तर आकाश जवळ आल्यासारखं वाटायला हवं. सपाट जमिनीवर ते साधायचं कसं?

उत्तर पायांखाली आहे. दक्षिणेच्या वेदीकडून उत्तरेच्या सभामंडपाकडे जाणारा ३६० मीटरचा दगडी रस्ता जमिनीपासून उचललेला आहे आणि उत्तरेकडे जाताना हळूहळू उंच होत जातो. चढ इतका सौम्य की पायांना कळत नाही. दोन्ही बाजूंना जुन्या सायप्रस झाडांची राई आहे. त्यात शंभरी ओलांडलेली झाडं साडेतीन हजारांच्या आसपास आहेत. चालता चालता झाडांचे बुंधे दिसेनासे होतात, शेंडे खाली जातात आणि डोळ्यांसमोर आकाशच उरतं. या रस्त्याचा मधला पट्टा देवाचा, पूर्वेचा सम्राटाचा, पश्चिमेचा अधिकाऱ्यांचा. आता मधल्या पट्ट्यावरून शाळेच्या सहली जातात.

रस्त्याच्या शेवटी तीन निळ्या छतांचा ३८ मीटर उंचीचा गोल मंडप आहे. पूर्ण लाकडी, खिळ्यांशिवाय, खाचा आणि कुसवांनी जोडलेला. आत २८ खांब आहेत. मधले चार ऋतूंचे, भोवतीचे बारा महिन्यांचे, बाहेरचे बारा दिवसाच्या बारा प्रहरांचे (चिनी प्रहर दोन तासांचा). १८८९ मध्ये वीज पडून तो जळाला. आजचा मंडप त्यानंतर काही वर्षांत बांधलेला आहे.

दक्षिणेच्या तीन थरांच्या वेदीवर आकडेमोड करायला विसरू नका. मधोमध एक गोल दगड आणि त्याभोवती फरशांची वर्तुळं. पहिल्यात ९ फरशा, दुसऱ्यात १८, तिसऱ्यात २७, असं करत नवव्या वर्तुळात ८१. दुसऱ्या थरावर तीच चढती मांडणी पुढे चालू राहते, तिसऱ्यावरही. शेवटच्या, सत्ताविसाव्या वर्तुळात २४३. सगळ्यांची बेरीज ३,४०२. चिनी परंपरेत विषम आकडे आकाशाचे आणि ९ हा त्यातला सर्वांत मोठा एकअंकी.

मधल्या दगडावर उभं राहून बोललं की स्वतःचाच आवाज भरदार वाटतो. सम्राटाला वाटायचं की आकाश उत्तर देतंय. हिशेब साधा आहे. वरचा थर साधारण २३ मीटर व्यासाचा आहे आणि कडेला दगडी कठडा. आवाज कठड्याला आपटून परत यायला जेमतेम २३ मीटर चालतो. सेकंदाला ३४० मीटर या वेगाने त्याला लागतात ०.०७ सेकंद. इतक्या कमी अंतराने आलेले दोन आवाज कानाला वेगळे ऐकू येत नाहीत. प्रतिध्वनी मूळ आवाजात मिसळतो आणि आवाज मोठा झाल्यासारखा वाटतो. कठड्यापासून सगळीकडचं अंतर सारखं असल्यामुळे चहूबाजूंचे प्रतिध्वनी एकदम पोचतात, म्हणून परिणाम इतका ठळक.

भिंत बोलते कशी?

वेदीच्या उत्तरेला एक गोल आवार आहे. त्याची भिंत ३.७ मीटर उंच आणि घेर १९३ मीटर. एकाने पूर्वेला भिंतीशी उभं राहून तिच्या कडेने हळू बोलायचं, दुसऱ्याने पश्चिमेला कान लावायचा. मध्ये इमारत आहे, एकमेकांना दिसत नाही, तरी शब्द स्पष्ट ऐकू येतात. विजापूरच्या गोलघुमटात सज्ज्यात उभं राहून ज्यांनी हे केलंय त्यांना आश्चर्य वाटणार नाही. कारण तिथे आणि इथे एकच आहे.

मोकळ्या मैदानात आवाज सगळीकडे पसरतो, म्हणून अंतर दुप्पट झालं की त्याचा जोर चौथ्या हिश्श्यावर येतो. आता जत्रेतला ‘मौत का कुआँ’ आठवा. मोटारसायकलवाला लाकडी भिंतीवरून गोल फिरत राहतो. त्याला सरळ जायचं असतं, पण भिंत दर क्षणी त्याला आत वळवते आणि तो भिंतीला चिकटलेला राहतो. भिंतीला जवळजवळ समांतर सोडलेल्या आवाजाचंही असंच होतं. थोडं पुढे जाऊन तो भिंतीला आपटतो, किंचित वळतो, पुन्हा आपटतो. असे लहान लहान टप्पे घेत तो भिंतीलगतच्या अरुंद पट्ट्यातून पुढे सरकतो. आवारभर विखुरत नाही, म्हणून लांबवर टिकतो. भिंतीच्या विटा घासून, सांधे दिसणार नाहीत इतक्या घट्ट बसवलेल्या आहेत. गुळगुळीत आणि कठीण पृष्ठभाग आवाज गिळत नाही. कुजबुजीत ‘स’, ‘श’सारखे बारीक सूर जास्त असतात आणि असे सूर भिंतीला अधिक चिकटून राहतात. म्हणून ओरडण्यापेक्षा कुजबुजणं बरं.

भिंतीकडे तोंड करून बोललात तर मात्र काही होणार नाही, आवाज समोर आपटून आवारात पसरेल. दुपारी गेलात तरी काही होणार नाही. दोनशे माणसं एकदम हाका मारत असतात. आता भिंतीपुढे कठडाही घातला आहे, त्यामुळे कान टेकवता येत नाही. ही भिंत आवाजासाठी बांधली होती याला काही आधार नाही. आत देवाच्या नामफलकांचं देवघर आहे, त्याला गोल कुंपण हवं होतं. आवाजाची गंमत त्या गोलाईतून आपोआप आली असावी.

लोक आत कसे आले?

ही सगळी ठिकाणं शतकानुशतकं सामान्य माणसाला बंद होती. १९११-१२ मध्ये राजेशाही गेली आणि दारं एकेक करून उघडली. पहिली उघडली थ्येनआनमनशेजारची भूमी-धान्याची वेदी. १९१४ मध्ये चू छीछ्येन या मंत्र्याच्या पुढाकाराने ती सार्वजनिक बाग झाली, आज तिला चोंगशान बाग म्हणतात. वेदीवर पाच रंगांची माती अजून आहे: मध्ये पिवळी, पूर्वेला हिरवट-निळी, दक्षिणेला लाल, पश्चिमेला पांढरी, उत्तरेला काळी. गंमत अशी की त्याच १९१४ च्या डिसेंबरात युआन शिकाई या राष्ट्राध्यक्षाने स्वर्गमंदिरात जाऊन राजाच्या थाटात पूजा केली. त्याला सम्राट व्हायचं होतं. पुढे ते फार टिकलं नाही आणि स्वर्गमंदिर १९१८ मध्ये लोकांचं झालं. त्यानंतर १९२५ मध्ये बेहाई आणि १९२८ मध्ये जिंगशान.

आज सकाळी सहाला या बागांत जी गर्दी असते ती पर्यटकांची नाही. चीनमध्ये अनेक दशकं पुरुष साठीला आणि स्त्रिया पन्नाशी-पंचावन्नला निवृत्त होत आल्या. २०२५ पासून हे वय हळूहळू वाढवलं जातंय. घरं लहान, हातपाय धड, वेळ भरपूर आणि बागेचा वार्षिक पास स्वस्त, तर माणूस बागेतच येणार. स्वर्गमंदिरातली ७२ खणांची लांब पडवी बळीचं साहित्य पावसापासून वाचवून नेण्यासाठी बांधली होती. तिथे आता पत्त्यांचे डाव रंगतात. पान आपटल्याचा आवाज, विणकामाच्या सुया, कुणाचं तरी ऑपेराचं गाणं आणि थर्मासातला चहा.

फरशीवर पाण्याने लिहिणारा एखादा आजोबा शोधाच. लांब काठीच्या टोकाला निमुळता कापलेला स्पंज, तो बादलीत बुडवून उभ्याउभ्या अक्षरं काढतात. कोरड्या दगडाचा खरबरीत पृष्ठभाग उजेड सगळीकडे उधळतो, म्हणून तो फिका दिसतो. त्या खाचांत पाणी भरलं की जास्त उजेड आत शिरून तिथेच जिरतो आणि दगड काळा दिसतो. शाई लागत नाही, कागद लागत नाही. पाचव्या ओळीला पोचेपर्यंत पहिली ओळ उडालेली असते.

चोंगशान बागेत आणखी एक दृश्य दिसतं. आईवडील मुलामुलींच्या माहितीचे कागद मांडून बसलेले असतात: वय, उंची, शिक्षण, नोकरी, घर आहे की नाही आणि बीजिंगची रहिवासी नोंदणी आहे की नाही. या नोंदणीवर मुलांची शाळा आणि इतर सवलती अवलंबून असतात, म्हणून तिला एवढं वजन. आपल्याकडच्या वधूवर मेळाव्यात निदान वधूवर तरी असतात. इथे बहुतेक वेळा ते नसतात, आणि आपले आईबाप इथे बसतात हे त्यातल्या अनेकांना माहीतही नसतं.

जाणार असाल तर

स्वर्गमंदिराची बाग सकाळी लवकर उघडते, पण आतले मंडप, वेदी आणि बोलणारी भिंत आठ वाजता. दोन प्रकारची तिकिटं असतात. फक्त बागेचं घेतलं तर भिंतीपाशी पुन्हा पैसे मोजावे लागतात, म्हणून एकत्रित तिकीटच घ्या. दक्षिण दाराने शिरा, तरच तो चढता रस्ता बरोबर दिशेने चालाल. आठ वाजायच्या सुमारास थेट भिंतीकडे गेलात तर ती ऐकू येईल.

निषिद्ध नगरीचं तिकीट पासपोर्टच्या नोंदीवर आगाऊ काढावं लागतं आणि सणासुट्ट्या सोडल्या तर ती सोमवारी बंद असते. तिथून उत्तरेच्या दाराने बाहेर पडलं की समोरच जिंगशान. पाय दुखत असले तरी चढा, दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. हिवाळ्यात गेलात तर बेहाई, शिचाहाई आणि कुनमिंग सरोवर गोठलेलं असेल, पाणी उथळ असल्यामुळे बर्फ जाड धरतो आणि लोक त्यावर घसरतात. डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उन्हाळी राजवाड्यात असाल, तर दुपारी साडेतीननंतर सतरा कमानींच्या पुलापाशी थांबा. त्या दिवसांत मावळता सूर्य नैऋत्येला इतका खाली असतो की त्याचे किरण कमानींच्या आतल्या भिंतींवर पडतात आणि सगळ्या कमानी एकदम उजळतात. जागा धरायला छायाचित्रकार दुपारपासून तिपाया मांडून बसतात, तेव्हा थोडं आधीच पोचा. हातमोजे विसरू नका.